सुई धरणारे वंशज

१२ जानेवारी, शुक्रवार

आज बाबांचं मृत्युपत्र वाचलं. वाचलं म्हणजे त्यांच्या जुन्या वकिलांनी वाचलं आणि आम्ही चौघांनी ऐकलं: आई, मी, माझा धाकटा भाऊ, आणि ती.

ती आलीच कशाला, हा माझा पहिला प्रश्न. धाकट्याची बायको आली नाही, तिला तेवढी समज आहे. पण तिची मुलगी पहिल्या खुर्चीत आईला खेटून बसली होती आणि आईने तिचा हात धरला होता. माझा हात शेजारीच रिकामा होता, आईला तो दिसला नाही.

मृत्युपत्र दीड पानाचं. बाबा कोटही असेच बेतायचे, चिंधी वाया जायची नाही. राहतं घर आईला. शिलाईचं मशीन 'माझ्या मुलीला', म्हणजे मला. 'माझी मोठी कात्री माझ्या नातीला.' त्या कात्रीला मी पंचवीस वर्षांची होईपर्यंत बाबांनी मला हात लावू दिला नव्हता.

मग खरं कलम. 'दुकान माझ्या वंशजांपैकी जे तिथे बसून सुई धरतात त्यांना, सारख्या वाट्याने. बाकी जे काही उरेल ते माझ्या मुलाला.'

धाकटा विमा कंपनीत आहे, त्याला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. दुकानात सुई धरणाऱ्या दोघीच. मी तीस वर्षं, आणि ती कालपरवापासून. कालपरवा म्हणजे बारा वर्षं, पण माझ्यापुढे कालपरवाच.

आणि ती वंशज कुठून झाली? धाकट्याने लग्न केलं तेव्हा बायकोच्या बोटाला धरून आलेली पाच वर्षांची पोर. तिचा बाप वेगळा, आणि धाकट्याने तिला रीतसर दत्तकही घेतलेलं नाही. मी तिथल्या तिथे विचारलं. जुने वकील चष्मा पुसत म्हणाले, "प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कोर्टच देईल." आईने धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने जमिनीकडे. माझा मुद्दा बिनतोड होता, दुसरं काय.

१६ जानेवारी

मला वकीलबाई मिळाली. तरुण आहे, सारखी पेपरमिंट चघळते, पण डोकं चालतं.

"कोर्ट आधी शब्दाचा सरळ अर्थ बघतं," ती म्हणाली. "वंशज म्हणजे मुलं, नातवंडं, पतवंडं. रक्ताने खाली उतरत जाणारी. रीतसर दत्तक घेतलेलं मूलही धरतात. सावत्र मूल सहसा धरत नाहीत."

"मग झालं की!"

"झालं नाही. मग कोर्ट सगळं मृत्युपत्र एकत्र वाचतं. कात्रीच्या कलमात तिला नात म्हटलंय. ज्याने वर नात म्हटलं, त्याने दोन ओळी खाली तिला वंशजांतून वगळलं असेल का, असं विचारतील. आणि तरीही शंका उरली, तर न्यायाधीश मृत्युपत्र करणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघतात."

"खुर्चीत?"

"म्हणजे त्याच्या जागी जाऊन. घरात कोण होतं, तो कुणाला काय मानायचा, लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं, हे सगळं बघायचं."

बाबांच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा लागतो. न्यायाधीश खरोखरच बसले तर आपटतील. हे मी बोलले नाही. एवढंच म्हटलं, "बाबा गिऱ्हाइकाच्या कुत्र्यालाही राजा म्हणायचे. म्हणून त्याला कुणी गादीवर नाही बसवलं." वकीलबाईने हसून ते लिहून घेतलं.

२ फेब्रुवारी

दावा दाखल झाला. कोर्टात आम्ही एकमेकींच्या विरुद्ध, आणि दुकानात कापायच्या टेबलाच्या दोन बाजूंना. थंडीतले कोट कुणासाठी थांबत नाहीत.

आज एक बँडवाला आला. पंधरा वर्षांपासूनचं माझं गिऱ्हाईक. कोट ट्रायलला घातला, हात वर केले, खाली केले आणि म्हणाला, "बाही त्या ताईंकडून बसवून घ्याल का? त्यांनी बसवली की वाजवताना खांदा ओढत नाही." मी हसून बरं म्हटलं. दात इतके आवळले की दाढ अजून ठणकतेय.

खरं सांगायचं तर बाही ती माझ्यापेक्षा चांगली बसवते. हे कुणापुढे बोलणार नाही, इथे लिहिते. बाबांनी मला जे दहा वर्षांत शिकवलं ते तिला तीनच वर्षांत शिकवलं, आणि शिकवताना तिच्यावर हसायचे. माझ्यावर फक्त ओरडायचे.

ती गेल्यावर काचेच्या कपाटावरची धूळ पुसली. त्यात तीन छोटे कोट टांगलेले आहेत, एकाच निळ्या लोकरी ताग्यातले. घरात नवीन मूल आलं की बाबा बाकीची कामं बाजूला सारून पहिल्याच आठवड्यात त्याला कोट शिवत, हा त्यांचा नेम. धाकट्याचा कोट बाहुलीला घालावा एवढासा. माझा त्याच्या दुपटीहून मोठा. लहानपणी मी यावरून त्याला रडवायचे: बघ, तुला चिंधी आणि मला कापड, बाबांची लाडकी कोण? मग ती आली आणि तिचा कोट माझ्याहूनही मोठा निघाला. मी तेव्हा तीस वर्षांची घोडी, तरी मनातल्या मनात तिचं कापड मोजलं होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

आईकडे गेले. तिने चहा ठेवला आणि पाठमोरीच म्हणाली, "अर्धं तिला दे आणि मिटव."

"का म्हणून? आयत्या बिळावर नागोबा!"

"बारा वर्षं डोळे फोडून शिवतेय ती. आयतं काय मिळालंय तिला?"

"आई, मला तिच्या कष्टाचं सांगू नकोस. वंशाचा प्रश्न आहे. कोर्टात सरळ व्यवहार असतो, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. दाखव म्हणावं तिला बाप!"

आईच्या हातून कप निसटला. नवा होता. काचा गोळा करायच्या सोडून ती त्यांच्यावरच फडकं फिरवायला लागली, तेव्हा मीच तिला बाजूला बसवलं. डॉक्टरांना दाखवायला हवं. विसरायलाही लागली आहे. मध्येच म्हणाली, "तू आलीस तेव्हा काय थंडी होती! उतरल्याबरोबर त्यांनी तुला आपल्या कोटात गुंडाळून घेतलं." कुठून उतरल्याबरोबर? दवाखान्यातून आणलं तेव्हाचं म्हणत असेल.

निघताना दारात धरून म्हणाली, "तुला काही कमी पडलं का गं आमच्याकडून?" मी म्हटलं, कात्री. ती हसली नाही.

४ मार्च

माझं प्रतिज्ञापत्र तयार झालं. त्यात कोटांचं कलम मीच सुचवलं. 'आमच्या वडिलांनी आपल्या रक्ताच्या प्रत्येक मुलाला जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात कोट शिवला. प्रतिवादीला कोट मिळाला तो पाचव्या वर्षी आणि केवळ दयेपोटी.' वकीलबाई म्हणाली, छान, यातून घरचं आणि बाहेरचं असा फरक स्पष्ट दिसतो.

संध्याकाळी धाकटा दुकानात आला. खुर्चीत बसला, पुठ्ठा सरकला, पडता पडता वाचला.

"ताई, भांडायचं तर भांड. पण त्या कागदातून 'रक्ताच्या' हा शब्द काढ."

"का? झोंबला?"

"मला नाही झोंबत."

"मग कुणाला? तुझ्या लाडकीला? जे आहे ते आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी माझं डोकं फुटलं होतं तेव्हा बघत होता तसा. मग म्हणाला, "तू जेवलीस का?" आणि गेला. हरणार हे कळलंय त्याला. दावा त्याच्याविरुद्ध नाही, तरी पोरीची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. मी त्याची सख्खी बहीण, पण माझी बाजू कधी घेतली याने?

२२ मार्च

कोर्ट. सगळं नीट लिहिते, कारण आज मी जिंकले.

तिचा वकील लांब मानेचा, नवखा. माझी उलटतपासणी घेताना त्याने विचारलं, "प्रतिवादी घरची नव्हती, तर तिचा कोट घरच्या मुलांच्या कपाटात कसा?"

"दया केली वडिलांनी. दयाळू होते."

कोट त्याने कोर्टात मागवून घेतलेच होते. ते टेबलावर मांडले. न्यायाधीशांना सर्दी झाली होती, नाकाला रुमाल लावूनच ते पुढे वाकले. "तुम्ही शिवणकामातल्या. नुसतं बघून वय सांगता येईल?"

"डोळे झाकूनसुद्धा," मी म्हटलं. सगळ्या कोर्टासमोर कुणी माझ्या कामाबद्दल विचारतंय आणि तिच्या नाही, याचाच मला इतका आनंद झाला होता.

पहिला कोट उचलला. "पाच वर्षांची मुलगी. अंगाने बारीक." दुसरा. "नुकतं जन्मलेलं बाळ." तिसरा. खांद्यावरून बोट फिरवलं, बगल बघितली. "तीन वर्षं. चालणारं, पळणारं मूल. बाळाची बगल अशी कापत नाहीत."

"आणि हा तिसरा कोट कुणाचा?" लांब मानेच्या वकिलाने विचारलं.

"माझा."

तो थांबला. हातातलं माझं प्रतिज्ञापत्र त्याने पुन्हा वाचलं आणि त्याची मान आणखी लांब झाली. "तुम्ही इथे शपथेवर म्हटलं आहे की रक्ताच्या प्रत्येक मुलाला जन्मानंतर पहिल्याच..."

तेवढ्यात ती उठली. भर कोर्टात तिने त्याच्या गाऊनची बाही ओढली. तो वाकला, ती त्याच्या कानात काहीतरी बोलली, त्याने मान हलवली, ती आणखी जोरात बोलली. शेवटी तो चिडून म्हणाला, "अशिलाच्या सूचनेवरून मला पुढे काही विचारायचं नाही," आणि बसला.

शेपूट घातली! वकीलबाईने माझ्या पाठीवर थाप मारली. पुढची तारीख नऊ एप्रिल.

२३ मार्च

बाबांनी माझा कोट वाढत्या अंगाचा शिवला असेल. पोरं भराभर वाढतात. संपलं.

मग धाकट्याचा का नाही?

उगाच डोकं चालवायचं नाही.

२६ मार्च

चालवलं.

कोट परत आले होते. दुकान लवकर बंद केलं, तिला घरी पाठवलं आणि माझा कोट टेबलावर उलटा केला. वाढत्या अंगाचा कपडा आतून ओळखू येतो. शिवणीत बोटभर माया सोडलेली असते, बाह्यांच्या आत दुमड असते, पुढेमागे उसवून मोठा करता यावा म्हणून. मी अस्तर उसवलं. माया जेमतेम शिवणीपुरती. बाह्या नेमक्या. डाव्या खांद्याला उजव्यापेक्षा किंचित उतार आहे, आणि माझा डावा खांदा अजूनही तसाच आहे. तीन वर्षांच्या मुलीला समोर उभं करून, तिच्या अंगावर माप घेऊन हा कोट शिवला आहे.

तीस वर्षं मी त्या कपाटाची काच पुसली. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचं वय, पोट, वाकलेली पाठ मला कोटावरून कळते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आईकडे गेले. काही विचारावं लागलं नाही, माझ्या हातातला उसवलेला कोट बघून ती खाली बसली.

तिने सांगितलं ते असं. माझा बाप मी दीड वर्षाची असताना आजारात गेला. आई मला घेऊन या गावात कामासाठी आली, बस दुकानासमोरच थांबली, आणि ती तिथेच बटणं लावायला लागली. वर्षभराने बाबांनी तिला लग्नाचं विचारलं. मी तेव्हा तीन वर्षांची. लग्न झालं त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकांची सगळी कामं अडवून माझा कोट शिवला.

"सांगितलं का नाहीत?"

"मोठी झाली की सांगू म्हणत होते. मग तू मोठी झालीस आणि इतकी त्यांची झालीस, की सांगायचं काय, तेच आम्हाला कळेना."

मी रडले नाही, मला राग आला. आईचा, बाबांचा, त्या कोटाचा. आणि सगळ्यात जास्त राग आला तो याचा, की बावीस वर्षं जिला पाण्यात पाहिलं, जिला आगंतुक म्हटलं, मी तिच्याच रांगेत उभी आहे. तेही तिच्या आधी येऊन, दार लावून घेऊन.

२७ मार्च

वकीलबाईची पेपरमिंट तोंडातच राहिली.

"म्हणजे तुमचा अर्थ कोर्टाने मानला तर तुम्हीही वंशज नाही," ती सावकाश म्हणाली. "सुई धरणारा एकही वंशज उरत नाही. दुकान बाकीमध्ये पडतं, आणि बाकी सगळं..."

"भावाला."

"त्यांना हे माहीत आहे?"

मी तिथून सरळ धाकट्याच्या ऑफिसात गेले. जिन्याखाली त्याला उभा केला.

"तुला माहीत होतं?"

माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. "आठवीत होतो तेव्हापासून. मावशी बोलून गेली होती."

"मग कोर्टात बोलला का नाहीस? एका वाक्यात दुकान तुझं झालं असतं!"

"मला बटण लावता येत नाही, मी दुकान घेऊन काय करू?"

"विकलं असतंस! मी तुझ्या पोरीला रस्त्यावर काढायला निघाले होते!"

"हो, चूक होतं ते तुझं. मी तिला सांगितलं होतं, आत्याविरुद्ध लढ, पण हे सोडून लढ. तीही आधीपासून तेच म्हणत होती." त्याने जिन्याचा कठडा घट्ट धरला. "ताई, माझा कोट लहान म्हणून तू मला रडवायचीस. तेव्हासुद्धा बोललो नाही. आता काय बोलणार?"

"मी तुझी सख्खी नाही रे."

"गप. परकं माणूस इतकं जळतं का कुणावर? इतकं जळायला सख्खीच बहीण लागते."

जिन्यावरून त्याचे साहेब उतरत होते. आम्ही दोघं पन्नाशीची माणसं, रडत-हसत उभी. त्यांनी घड्याळ बघितलं आणि परत वर गेले.

९ एप्रिल

वकीलबाई म्हणाली होती की माझ्या वतीने तीच सांगेल. मी म्हटलं, शपथेवर खोटं मी सांगितलं, खरंही मीच सांगते.

उभी राहिले. म्हणाले, "माझ्या प्रतिज्ञापत्रातलं कोटांचं कलम चुकीचं आहे. माझा कोट जन्मानंतर शिवलेला नाही. मी तीन वर्षांची असताना या घरात आले, प्रतिवादी पाच वर्षांची असताना. वडिलांनी आम्हा दोघींना आल्या आठवड्यात कोट शिवला. ते वंशज म्हणाले तेव्हा त्यांना आमच्याच दोन सुया दिसत असणार. तिसरी सुई घरात कुणाकडे नव्हतीच."

न्यायाधीशांनी विचारलं, "याचा परिणाम तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो, कल्पना आहे?"

"आहे."

मागे कुणीतरी हुंदका दिला. मला वाटलं आई. वळून बघितलं तर लांब मानेचा वकील नाक शिंकरत होता. न्यायाधीशांची सर्दी त्याला लागली असावी.

३० एप्रिल

निकाल लागला. वंशज या शब्दाचा सरळ अर्थ रक्ताचा, असं न्यायाधीशांनी आधी मान्य केलं. पण या मृत्युपत्रात तो अर्थ लावला तर दुकानाचं कलमच पोकळ ठरतं, घ्यायला कुणी उरत नाही, आणि कुठलाही माणूस पोकळ कलम मुद्दाम लिहीत नाही. याच मृत्युपत्रात एकीला मुलगी आणि दुसरीला नात म्हटलं आहे. सबब, या मृत्युपत्रापुरते, ज्यांना त्याने आपली मुलं म्हणून वाढवलं ते त्याचे वंशज. दुकान दोघींचं, सारख्या वाट्याने.

दुपारी दुकानात आलो. बँडवाल्याचा दुसरा कोट उद्या द्यायचा आहे. ती बाही बसवत होती, मी कॉलर. कॉलरची एक बाजू लावून झाली. मग मीच विचारलं, "त्या दिवशी वकिलाला का बसवलंस? जिंकत होतीस की."

"ते विचारणार होते ते मला माहीत होतं."

"तुझ्या बापाने सांगितलं ना?"

"नाही. आजोबांनी. मी दहा वर्षांची होते." तिने टाचणी तोंडातून काढली. "शाळेत मुली म्हणाल्या, ते तुझे खरे आजोबा नाहीत. मी इथे येऊन रडले. तेव्हा त्यांनी सांगितलं, आत्या पण तुझ्यासारखीच आली. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

मला सांगितलं नाही आणि हिला सांगितलं! दहा वर्षांच्या पोरीला! इतकी आग झाली जिवाची, की कॉलरवरचा टाका वाकडा गेला. मी तो उसवायला घेतला. सतरा वर्षं या पोरीने ते पोटात ठेवलं होतं. मी तिला बाप दाखव म्हणत कोर्टात ओढलं, तेव्हाही.

"आणखी काय म्हणाले?" मी विचारलं.

"मी म्हटलं, पण आत्या तर तुमच्यासारखीच ओरडते. तर हसले. म्हणाले, मग? तूही शिकशील."

मी तिच्या हातातली बाही ओढून घेतली आणि म्हटलं, हिला सुरकुती पडली आहे, उसव आणि परत बसव.

"नाही पडलेली!" ती ओरडली. "उजेडात नेऊन बघा आधी, मग बोला!"

थेट बाबा. तीच पट्टी, तसाच शेवटच्या शब्दावर टेबलावर हात. मला आजवर वाटायचं, तसं ओरडणं फक्त माझ्यातच उतरलं आहे.